तुला काही होतंय का?

एक गोष्ट आधीच सांगून टाकते, म्हणजे मग मधेमधे कुणी विचारायला नको. आमच्या दोघांत जाडी मी. अरीब, माझा धाकटा भाऊ, सडसडीत, शेवग्याच्या शेंगेसारखा. रोज पहाटे फजरची नमाज झाली की हर्णेतून धावत सुटायचा, तो आंजर्ल्याच्या गणपतीची टेकडी गाठून परत. मी उठायचे तेव्हा हा घामाघूम होऊन पडवीत चहा पीत बसलेला असायचा आणि मला बघून म्हणायचा, "आलं का जहाज धक्क्याला?" मी त्याला काय म्हणायचे ते इथं लिहिण्यासारखं नाही.

तर जाडी मी, वयानं आठ वर्षांनी मोठी मी. काही व्हायचंच होतं तर ते मला व्हायला हवं होतं. हे मी नाही म्हणत, पुस्तकात लिहिलंय. आणि झालं अरीबला. या गोष्टीला आता बरेच महिने झाले, तरी माझ्या डोक्यातला गुंता काही सुटत नाही. तुमच्यापैकी कुणाला सुटला तर येऊन सांगा, चहा पाजेन.

आम्ही दोघं पाण्याखाली उतरायचो, टाकी पाठीला लावून. आधी मी मालवणला जाऊन शिकले, मग माझ्या मागे लागून अरीब शिकला. लोकांना वाटायचं, आम्ही पर्यटकांना रंगीत मासे दाखवतो. कसले मासे अन् कसलं काय! हर्णेच्या पाण्यात हात लांब केला तर स्वतःची बोटं दिसत नाहीत. आमचं काम वेगळं. कुणाचा नांगर खडपात अडकला, कुणाचं जाळं खालच्या दगडांना धरून बसलं, कुणाच्या लाँचच्या पंख्यात दोर गुंडाळला की बंदरावर आरडाओरडा व्हायचा, "अलफियाला बोलवा." मग आम्ही जायचो आणि सोडवून यायचो.

आता थोडं शाळेतल्यासारखं सांगावं लागेल, त्याला इलाज नाही. जेवढं खोल जावं तेवढं पाणी अंगाला दाबतं, आणि टाकीतल्या हवेतला नायट्रोजन रक्तात, मांसात, चरबीत विरघळत जातो. सावकाश वर आलं तर तो श्वासावाटे निघून जातो. घाईनं वर आलं तर अंगातच त्याचे बुडबुडे होतात, आणि ते सांध्यात, पाठीच्या मणक्यात, कुठंही जाऊन बसतात. सोड्याच्या बाटलीचं झाकण फटकन उघडल्यावर होतं तसं, असं सगळेच शिकवतात. म्हणून वर येताना मधे थांबायचं, अंग मोकळं होऊ द्यायचं. किती थांबायचं ते मनगटावरचा कंप्युटर सांगतो. चरबीत नायट्रोजन जास्त साठतो, तेव्हा आमचे शिकवणारे सर माझ्याकडे बघून म्हणाले होते, "काहींनी जरा जास्तच थांबायचं." काहींनी! वर्गात जाडी मी एकटीच होते.

मी मनावर घेतलं. माझा कंप्युटर मी सगळ्यात कडक करून ठेवला. आणि आम्ही जोडीनं उतरायचो, म्हणून अरीबनंही माझ्याच घड्याळानं वर यायचं, असा माझा नियम. खाली पाच मीटरवर दोराला धरून लटकायचो तेव्हा तो कंटाळून मला वाकुल्या दाखवायचा. वर आल्यावर म्हणायचा, "तुझा नायट्रोजन लोणच्यासारखा मुरतो आपा. माझा कधीच उडून गेलेला असतो. तुझ्यापायी मला थंडी वाजते."

म्हणजे बघा, सडसडीत माणसाला जाड्या माणसाचा नियम लावलेला. यापेक्षा जास्त काळजी कुणी कशी घेणार?

त्या दिवशी सुलेमान चाचाचं जाळं अडकलं होतं. सुलेमान चाचा अब्बांचा धाकटा भाऊ, दोन लाँचींचा मालक. अब्बा स्वतः जहाजावर, वर्षातले निम्मे महिने पाण्यावरच, त्यामुळे घरात काही झालं की शेवटचा शब्द चाचाचा. जाळं सुवर्णदुर्गाच्या बरंच पलीकडे, खोल पाण्यात अडकलं होतं. आम्ही सकाळी एकदा उतरलो, मधे आराम केला, आणि दुपारच्या आधी परत उतरलो. दोन्ही वेळा बरोबर गेलो, बरोबर वर आलो. कंबरेला एकच दोर, दोघांत हातभराचं अंतर. खोली तीच, वेळ तीच, टाकीतली हवासुद्धा एकाच पंपानं भरलेली. मी कापत होते, तो ओढत होता. मग तो कापत होता, मी ओढत होते. वर येताना मी कंप्युटर म्हणाला त्याहून दोन मिनिटं जास्तच थांबवलं. त्यानं वाकुली दाखवली. सगळं रोजच्यासारखं.

लाँचवर आल्यावर चाचानं चहा दिला, खलाश्यांनी बांगडे भाजले होते ते खाल्ले. अरीबनं चार खाल्ले. मी किती खाल्ले ते विचारू नका.

संध्याकाळी बंदरावर लिलाव चालू होता. पापलेटांचे वाटे लागले होते, बोली ओरडणाऱ्यांचा गलका चाललेला. अरीब एका उलट्या टोपलीवर बसून उजवा खांदा चोळत होता.

"काय रे?"

"काही नाही. दुखतंय जरा. आतून."

खांदा, आतून, पाण्यातून आल्यावर. पुस्तकात पहिल्या पानावर हेच असतं. मी म्हटलं, "अरीब, ऊठ. आपण डॉक्टरांना फोन करू. मुंबईला यावरच्या उपचाराचा चेंबर असतो, तिथं जावं लागेल कदाचित."

तो म्हणाला, "आपा, तुला काही होतंय का?"

मी हात वर केले, खाली केले. मान फिरवली. गुडघे वाकवले. काही नाही. ठणठणीत.

"नाही ना? मग मला काय होणार?"

तेवढ्यात चाचा आला. त्यानं ऐकून घेतलं आणि माझ्यावरच डाफरला, "एका दोराला बांधून गेलात आणि एका दोराला बांधून आलात. तुला काय झालेलं नाय, आणि हा घोड्यासारखा पोर, ह्याला होणार? डोकं फिरलंय तुझं. जाळं ओढलान एवढं, उसण भरली असेल."

घरी आल्यावर अम्मीनंही तेच केलं. आधी अरीबचा खांदा बघितला, मग माझ्याकडे वळून विचारलं, "तुला काही होतंय का गो?" मी नाही म्हटलं. "मग उसणच ती," अम्मी म्हणाली आणि पातेल्यावर झाकण ठेवून मोकळी झाली. त्या संध्याकाळी मी घरातला तराजू झाले होते. जो तो मला बघायचा आणि अरीबचं वजन करायचा. मीसुद्धा तेच केलं, खोटं कशाला बोलू? दर थोड्या वेळानं स्वतःचा खांदा दाबून बघत होते, आणि तो दुखत नाही म्हणून निश्चिंत होत होते. दुसऱ्याचं दुखणं स्वतःच्या खांद्यात शोधायचं, याला काय म्हणावं!

आमच्या हर्णेत उसण भरली, हात मुरगळला, कंबर धरली की एकच रस्ता, मंडणगडची गोदूबाई. मंडणगडच्याही वर, डोंगराच्या कुशीत तिचं घर. हिंदू, मुसलमान, कोळी, सगळे तिच्याकडे जातात. माझ्या आजीचा मोडलेला हात तिच्या सासूनं बसवला होता. डॉक्टरकडे जाऊन आलेली माणसंसुद्धा शेवटी तिच्याकडे जाऊन येतात, नाही तर त्यांना बरं झाल्यासारखं वाटतच नाही. ठरलं. सकाळी चाचाच्या गाडीनं अरीबला गोदूबाईकडे न्यायचं. अम्मीचे गुडघेही दाखवायचे होते, ती पण निघाली.

सकाळी अरीबचा खांदा कमी दुखत होता. "बघ," तो म्हणाला. मीही म्हटलं, चला, सुटले.

आता इथं माझं डोकं कुठं गेलं होतं ते मला आजही कळत नाही. पाण्यातून आल्यावर उंचावर जाऊ नये, वर हवा विरळ असते, बुडबुडे फुगतात, हे मला पाठ होतं. परीक्षेत विचारलं होतं, मी बरोबर लिहिलं होतं. पण उंची म्हटलं की डोळ्यासमोर येतं विमान. आमच्याकडची माणसं विमानात बसतात ती कुवेतला, दुबईला जाताना. मंडणगडला जाणं म्हणजे काय उंचावर जाणं आहे? तिथं तर आमची मावशी राहते! गाडी वळणं घेत वर चढत होती, चाचा कुणाच्या तरी लग्नाचं सांगत होता, आणि एका वळणावर माझे कान दडले. कट्ट झालं. मी गिळलं, कान उघडले, आणि तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला.

"चाचा, गाडी थांबव. खाली चल."

"का गो? उलटी येते?"

"उंची. अरीबला उंचीवर न्यायचं नाही."

चाचानं आरशातून अरीबकडे बघितलं. "तुला काय होतंय रे?"

"काय नाय," अरीब म्हणाला. "आपाला कान दडले की कयामत आल्यासारखं वाटतं."

सगळे हसले. दोन वळणांवर गोदूबाईचं घर होतं. एवढ्यासाठी परत फिरणार कोण? आणि त्याला खरंच काही होत नव्हतं.

गोदूबाई म्हातारी, पण मनगट असं की नारळ पिळून काढेल. तिनं अरीबला पाटावर बसवलं, खांद्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाली, "शीर चढलीय पोराची. काय तरी जड ओढलान ह्यानं." तेल कोमट करून चोळलं, आंबेहळद आणि रक्तबोळाचा लेप लावला, वर फडकं बांधलं. अरीबनं हात गोल फिरवला. "गेलं!" तो ओरडला. "अम्मी, गेलं दुखायचं!" गोदूबाई हसली, अम्मीनं तिचे हात हातात घेतले, चाचानं माझ्याकडे असं बघितलं की जमीन दुभंगली असती तर बरं झालं असतं. मला इतकी लाज वाटली! सगळ्यांसमोर मूर्ख ठरले, पण मनातून आनंदही झाला होता. गोदूबाईनं मलाही बसवलं. "तुला काय होतंय गो?" मी म्हटलं, "काय नाय गो बाय, मला कधीच काय होत नाय."

आम्ही निघालो. अंगणात चपला काढल्या होत्या. अम्मीनं घातल्या, मी घातल्या, अरीब पुढे होऊन गाडीकडे चालायला लागला. त्याच्या उजव्या पायात चप्पल होती. डावी तिथंच अंगणात पडून होती. आणि तो चालत होता, खडीवरून, अनवाणी डाव्या पायानं, चाचाशी बोलत, हसत.

"अरीब, चप्पल."

"हं?"

"डाव्या पायातली चप्पल."

त्यानं खाली बघितलं. खडी टोचून तळव्यातून थोडं रक्त आलेलं, आणि त्याला ते कळलंच नव्हतं. "आपा," तो म्हणाला, "मला वाटलं घातलीय." मग तो पाय उचलायला गेला आणि खाली बसला. बसला कसला, पडला.

पुढचं सगळं एकदम झालं. शिकताना एका डॉक्टरीणबाईंचा फोन नंबर सगळ्यांना दिला होता, मुंबईच्या चेंबरच्या. डॉक्टर तेजस्वी. मी फोन लावला. मी रडत होते की ओरडत होते कोण जाणे, त्या मात्र शांतपणे एकेक विचारत होत्या. किती खोल गेला? कधी आला? आता कुठं आहात? मी म्हटलं, मंडणगडच्या वर. त्या म्हणाल्या, "आधी खाली उतरा. त्याला आडवा झोपवा, पाणी पाजा, मिळेल तिथून ऑक्सिजन लावा आणि थेट इकडे या. तुम्हीही त्याच्याबरोबर उतरला होतात ना? तुम्हाला काही होतंय का?"

"नाही."

"नक्की?"

"अहो, नाही म्हणते ना!" मी किंचाळले. दोन दिवसांत हा प्रश्न मला किती जणांनी विचारावा!

मंडणगडला ऑक्सिजनची अँब्युलन्स मिळाली. अरीब मास्क लावून आडवा, चाचा पुढे ड्रायव्हरशेजारी, मी आणि अम्मी मागे. अरीब पाय हलवायचा प्रयत्न करत होता. उजवा हलत होता, डावा नाही. हा पाय रोज आंजर्ल्यापर्यंत धावायचा. अम्मी त्या पायाकडे बघत होती, ओठांत आयत पुटपुटत होती. मधेच थांबली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "तुला का नाही झालं गो? तू एवढी…"

एवढी म्हणजे काय, ते तिनं पुरं केलं नाही. ओढणी तोंडावर धरली आणि खिडकीकडे वळली.

मला असा राग आला म्हणून सांगू! माझी आई मला विचारते की तुला का नाही झालं. जसं काही मी चुकीच्या रांगेत उभी राहिले आणि माझ्या वाटचं त्याला गेलं. पण मीही मनात तेच विचारत होते. मला का नाही झालं? त्याच्याऐवजी माझा पाय गेला असता तर काय बिघडलं असतं? मी कुठं धावते? मी तर रिक्षा मिळाली नाही तर बाजार रद्द करणारी बाई.

चेंबर म्हणजे एक मोठं लोखंडी नळकांडं, गोल खिडक्यांचं. त्यात माणसाला बसवून आतली हवा दाबतात, म्हणजे परत खोल पाण्यात नेल्यासारखंच, आणि मग हळूहळू वर आणतात. अरीबला आत नेलं. काचेतून त्याचा चेहरा दिसत होता, मास्क लावलेला. त्यानं मला बघितलं आणि वाकुली दाखवायचा प्रयत्न केला. मास्कमुळे जमली नाही. मी तिथंच भिंतीला टेकून हुंदके देऊन रडले.

एका दिवसात भागलं नाही. रोज आत, रोज बाहेर. रोज सकाळी डॉक्टर तेजस्वी यायच्या, त्याच्या डाव्या पायाचं एकेक बोट चिमटीत धरायच्या आणि विचारायच्या, "कळतंय? हलवून दाखव." अम्मी त्यांच्या खांद्यावरून वाकून बघायची. आधी काही नाही. मग एका सकाळी अंगठा कळला. मग दुसरं बोट. करंगळी सगळ्यात शेवटी कळली, आणि अम्मीनं त्या करंगळीचा मुका घेतला. अरीब लाजून म्हणाला, "अम्मी, लोक बघतायत." हॉस्पिटलच्या बोळातून तो चालला तेव्हा मागून बाकीचे पेशंटही टाळ्या वाजवत होते. तोल अजून जात होता, पण चालला. शुक्र अल्लाहचा.

मग मी डॉक्टरांच्या मागे लागले. का? मला कारण पाहिजे होतं.

"तुम्ही दोघं बरोबर गेलात, पण दोन वेगळी अंगं घेऊन गेलात," त्या म्हणाल्या. "कंप्युटर पाणी मोजतो, वेळ मोजतो. आतलं माणूस मोजत नाही."

"पण मी जाडी आहे."

"हो."

"वयानं मोठी आहे."

"हो."

"बाई आहे."

"त्याचं अजून नीट कळलेलं नाही."

"मग?"

त्यांनी कितीतरी गोष्टी सांगितल्या. पाणी कमी प्यायला असेल. खाली असताना जास्त जोर लावला असेल. थंडी वाजली असेल. झोप कमी झाली असेल. मी प्रत्येकाला डोकं हलवत होते, कारण त्यातलं जे त्याचं तेच माझंही. उलट पाणी मीच कमी प्यायले होते, लाँचवर बाईमाणसाची सोय नसते म्हणून. शेवटी त्या म्हणाल्या, "हृदयाच्या पडद्याला कधी कधी बारीक भोक असतं. जन्मतःच. चारांतल्या एकाला असतं, कळतही नाही. त्यातून बुडबुडे फुप्फुसात गाळले न जाता पलीकडे जातात. ते तपासू."

मला हायसं वाटलं, खोटं का बोलू. भोक असेल. असणारच. कारण सापडलं, सुटले. अरीबच्या शिरेत बारीक बुडबुड्यांचं पाणी सोडून मशीनवर हृदय बघितलं. डॉक्टर बघत राहिल्या, परत बघितलं, आणि म्हणाल्या, "नाही. हृदय अगदी चांगलं आहे."

"मग?"

"मग माहीत नाही," त्या म्हणाल्या. डॉक्टर असून माहीत नाही म्हणतात! मला वाटलं, हिला धरून हलवावं. पण बाई खरं बोलत होती, तिचा काय दोष. मग त्या म्हणाल्या, "तुम्हीही पाण्यात जाता. आलाच आहात तर तुमचंही बघून घेऊ."

मी म्हटलं, घ्या. मला कधीच काही होत नाही.

मशीनच्या पडद्यावर माझं हृदय काळं-पांढरं फडफडत होतं. डाव्या बाजूला काळं पाहिजे होतं. तिथं बुडबुड्यांचे पांढरे ठिपके उडायला लागले. एक नाही, दोन नाही, मूठभर तीळ उधळावेत तसे. डॉक्टर तेजस्वींनी मशीन थांबवलं.

"भोक आहे," त्या म्हणाल्या. "बारीक पण नाही."

मी उठून बसले. "मला?"

"तुम्हाला."

"अहो, मग मला का नाही झालं?"

त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "अलफियाताई, मला खरंच माहीत नाही."

आणि वर ऐका. निघताना त्यांनी सांगितलं, अरीबचा पाय पूर्ण बरा झाला, परत सगळी तपासणी झाली, तर काही महिन्यांनी तो जपून, फार खोल नाही, पण परत उतरू शकेल. मी मात्र उतरायचं नाही. भोक बंद करून घेईपर्यंत तरी नाही, आणि ते करायचं की नाही तेही नीट विचार करून. ज्याला झालं त्याला परवानगी, जिला काही झालं नाही तिला बंदी. मी हसायला लागले. मला थांबवता येईना. बाहेर येऊन चाचाला सांगितलं तर तो म्हणाला, "त्यांनी रिपोर्ट उलटे दिलेन काय?" आयुष्यात पहिल्यांदा चाचाशी माझं एकमत झालं. मी आत जाऊन विचारून पण आले. उलटे नव्हते.

अम्मीला मी लगेच सांगितलं नाही. तिला अरीबच्या आनंदात राहू दिलं. हर्णेला परत आलो. अरीब चालतो, हळू धावतोही, पण घरातून निघताना दर वेळी मान खाली घालून बघतो, दोन्ही चपला पायात आहेत ना. बघितल्याशिवाय उंबरा ओलांडत नाही.

एक दिवस चाचाचा नांगर अडकला. हाका आल्या. मी जागची उठले नाही तेव्हा अम्मीनं विचारलं, "का गो? जात नाहीस?" ती पडवीत तांदूळ निवडत बसली होती. अरीब बाजूला पाय पसरून बसलेला.

"मला जाता येणार नाही अम्मी." आणि मग सगळं सांगितलं. भोक, तीळ, डॉक्टर, बंदी. अरीबचं हृदय चांगलं निघालं तेही सांगितलं.

अम्मीचा हात सुपात थांबला. "म्हणजे," ती म्हणाली, "व्हायचं होतं ते तुला?"

"कुणाला काय व्हायचं होतं ते कुणालाच माहीत नाही अम्मी. डॉक्टरांनाही नाही."

"मी म्हटलं होतं तुला. गाडीत." ती म्हणाली. "तुला का नाही झालं म्हटलं होतं."

मला वाटलं होतं, ती विसरली असेल. "जाऊ दे गो. तू घाबरलेली होतीस."

"दर नमाजला माफी मागते मी," अम्मी म्हणाली. "मला वाटलं, मी काहीतरी वेड्यासारखं बोलले, ते असंच हवेत गेलं. आणि तुझ्या हृदयाला तेव्हा भोक होतं. मी बोलत होते तेव्हा होतं. जाळं सोडवलंत त्या दिवशी पण होतं. तू पाच-सहा वर्षं पाण्यात जातेस, रोज होतं."

"हो."

"आणि मी तुला रोज म्हणायचे, त्याच्यावर लक्ष ठेव."

अरीब काहीतरी थट्टा करायला तोंड उघडणार होता, मी डोळे वटारले. अम्मीनं सूप बाजूला सारलं आणि गुडघे दुखत होते तरी खाली सरकत सरकत माझ्या पायांशी आली. माझ्या डाव्या पायाचा अंगठा चिमटीत धरला. डॉक्टर तेजस्वी धरायच्या, अगदी तसा.

"कळतंय?"

"अम्मी, मला काही झालेलं नाही."

"कळतंय का सांग."

"कळतंय."

"हलवून दाखव."

मी हलवला. तिनं दुसरं बोट धरलं. मग तिसरं. प्रत्येकाला तोच प्रश्न, आणि प्रत्येकाला मी हो म्हणत होते. करंगळीपर्यंत आली तेव्हा तिला ती नीट दिसेना, कारण तिचे डोळे भरले होते, आणि मी हो म्हणायचं सोडून तिच्याच ओढणीनं तिचे डोळे पुसत होते.

"कळतंय?" तिनं परत विचारलं, घाबरून. "अलफिया, कळतंय ना गो?"

अरीब रांगत आला आणि त्यानं माझ्या करंगळीला जोरात चिमटा काढला. मी ओरडले.

"कळतंय," तो अम्मीला म्हणाला. "आता दुसरा पाय बघ."